टपालवाल्याचा पुरावा

गाडी चांगली पोटापर्यंत रुतली होती. मार्चचा शेवटचा आठवडा, आणि टेकडीवर शाळेकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर कुणीतरी एक ठेंगणी, चंदेरी, शहरी गाडी घालायचं धाडस केलं होतं. अमेरिकेतल्या या व्हरमाँटचा माणूस असं कधी करत नाही. बर्फ वितळून रस्त्याची खीर झाली, की तो गाडी खाली पुलापाशी ठेवतो, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवतो आणि मुकाट्याने चालू लागतो.

कोलेट बर्जरॉन तशीच चालत वर निघाली होती. गाडीशेजारी एक उंच माणूस एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायातला कातडी बूट चिखलाने केव्हाच गिळला होता आणि मोज्यातला पाय कुठे टेकवावा हे त्याला कळत नव्हतं. कोलेटला हसू आलं, पण तिने ते गालातच ठेवलं. कुंपणाची एक मोडकी फळी उपटून तिने ती मागच्या चाकाखाली सरकवली.

"गिअर टाका, आणि मी सांगेन तेव्हा हळूच पेडल दाबा. हळूच म्हणजे हळूच."

"तुम्ही... इथल्याच का?"

"हा प्रश्न विचारणारा माणूस इथला नसतो," ती म्हणाली. "या गाडीत बसवून तुम्हाला कुणी पाठवलं?"

ऑर्डवे कॉलेजने, तो म्हणाला. वरच्या शाळेत कुणा मिस बर्जरॉनच्या वर्गावर जाऊन बसायचं होतं आणि आधीच दहा मिनिटं उशीर झाला होता. कोलेटचा हात फळीवरच थांबला. तिच्याच वर्गाला उशीर होत होता, पण वर्ग सोडून इथे ती फळ्या उपटत होती, हे या माणसाला सांगण्यात काही शहाणपण नव्हतं.

"कशी आहे हो ती बाई?" त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं.

"भयंकर कडक," कोलेट म्हणाली. "आता दाबा."

गाडी सुटली. सुटताना तिने कोलेटला कमरेपासून हनुवटीपर्यंत चिखलाने रंगवून काढलं.

वीस मिनिटांनी तीच चिखलाने रंगलेली बाई फळ्यासमोर उभी राहिली, तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या डॉ. गिडियन पर्सेलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्या पायात शाळेच्या हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतले पिवळ्या-जांभळ्या पट्ट्यांचे, हॉकीच्या पोरांचे मोजे होते. वर्गातल्या बाराही मुलांची नजर आळीपाळीने मोज्यांवर आणि मिस बर्जरॉनवर जात होती. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

आता त्या बाकावरच्या माणसाचं एवढं काय, तर सांगायला हवं. ब्रॅम्बल रिज ही राहून शिकायची शाळा. मुलं आणि शिक्षक एकाच आवारात जेवतात, झोपतात आणि एकमेकांच्या सर्दीत भागीदार होतात. शेवटच्या वर्षाच्या हुशार मुलांसाठी तिथे इतिहासाचा एक ऑनर्स वर्ग होता. शिकवायची कोलेट, पण अभ्यासक्रम कॉलेजचा, आणि पास होणाऱ्याला पुढे पदवीत धरलं जाणारं क्रेडिटही कॉलेजचं. कोलेटने चार वर्षं खपून हा वर्ग उभा केला होता. मुलांना ती गावातल्या जुन्या दप्तरांत, चर्चच्या वह्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत हात घालायला लावायची आणि त्यातून प्रत्येकाने एक खराखुरा प्रबंध लिहायचा.

कॉलेजच्या बाजूने आजवर यायच्या त्या डॉ. हेस्टर क्विंबी. त्या येत, दोन मफिन खात, प्रबंध चाळत आणि "छान चाललंय" म्हणून जात. हिवाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी हा पर्सेल आला. कॉलेजच्या नव्या समितीने नियम काढला, की निरीक्षक आणि शिक्षिका यांनी तेच प्रबंध एकमेकांचे गुण न पाहता तपासायचे आणि बंद पाकिटं समोरासमोर फोडायची. सरासरी फरक पाच गुणांच्या आत हवा. संधी दोन, एप्रिलमध्ये आणि मे महिन्यात. दोन्ही वेळा फरक जास्त निघाला, तर बारा मुलांचं क्रेडिट गेलं, वर्ग बंद, आणि कोलेट पुन्हा लहान मुलांकडून नकाशे रंगवून घ्यायला मोकळी.

एप्रिलमध्ये फरक नऊ निघाला.

कोलेटचे गुण सगळीकडे वर, गिडियनचे सगळीकडे खाली. सगळ्यात मोठी दरी जुनिपर वॉल्शच्या प्रबंधात होती. जुनिपर ही वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी; तिने गावच्या टपालकचेरीतली शंभर वर्षांपूर्वीची एक रोजवही शोधून काढली होती. त्या सालच्या चिखलात घोडागाडी बंद पडली, म्हणून टपालवाला सहा आठवडे रोज पायी टेकडी चढला. टेकडीच्या टोकावर एकच घर. कचेरीच्या नोंदीप्रमाणे सहा आठवड्यांत त्या घराला पत्रं आली फक्त अकरा. तरी टपालवाल्याच्या रोजवहीत त्या घराच्या नावापुढे रोज खूण होती. रविवार सोडून रोज. पुढच्या वर्षी त्याने त्या घरातल्या मुलीशी लग्न केलं. जुनिपरने लिहिलं होतं, की तो चिखलातच प्रेमात पडला.

कोलेटने दिले होते त्र्याण्णव. गिडियनने अठ्ठ्याहत्तर, आणि समासात बारीक अक्षरांत शेरा: "एवढ्याने प्रेम सिद्ध होत नाही. तो चालत आला, एवढंच सिद्ध होतं."

"पत्र नसताना माणूस चिखल तुडवत टेकडी चढतो, याला तुम्ही काय म्हणता?" कोलेटने विचारलं.

"व्यायाम."

"तुम्ही कधी प्रेमात पडला होतात का हो, डॉ. पर्सेल?"

पेनचं टोपण उगाच उघडत-मिटत तो म्हणाला, "तळटीप देता येईल इतकं नाही."

तिला खरं तर खूप राग यायला हवा होता. आलाही. खोलीवर जाऊन तिने त्याचे शेरे त्याच्याशी मनातल्या मनात भांडत पुन्हा वाचले, आणि भांडता भांडता तिच्या लक्षात आलं, की तीन-चार ठिकाणी त्याचं म्हणणं बरोबर आहे. पोरं गोड लिहितात म्हणून ती त्यांच्या पुराव्यातली भोकं बघायचीच नाही. प्रबंध वाचताना तिला कागदामागचं पोर दिसायचं, आणि त्याला कागद दिसायचा. तिने जुनिपरला बोलावून प्रबंध पुन्हा लिहायला बसवलं. पोरीने टेकडीवरच्या त्या मुलीची पत्रं शोधायला पार कॅनडापर्यंत चौकशा केल्या.

नियमाप्रमाणे निरीक्षकाने महिन्यातून एकदा यायचं. गिडियन दर गुरुवारी येऊ लागला. दुसऱ्या गुरुवारपासून त्याच्या पायात नवे कोरे रबरी बूट होते, इतके कोरे, की आधी तिला त्यांचीच दया आली. गुरुवारी शाळेत टाय लावून, मेणबत्त्या पेटवून ठरलेल्या टेबलावर जेवायची पद्धत आहे. कोलेटच्या टेबलावर तिच्या डाव्या हाताची खुर्ची मुलांनी आपणहून रिकामी ठेवायला सुरुवात केली. कुणी काही बोलायचं नाही. उकडलेल्या बटाट्यांचं भांडं मात्र कुठूनही निघालं तरी त्या दोघांच्या मधेच येऊन थांबायचं.

तो बोलायचा कमी. पण आपल्या ताटातली लोणच्याची आंबट काकडी न विचारता तिच्या ताटात सरकवायचा, कारण तिला ती आवडते हे त्याने कधीतरी पाहून ठेवलं होतं. मेपलचा रस उकळायच्या झोपडीत ती त्याला घेऊन गेली, तेव्हा त्या गोड वाफेत त्याचा चष्मा धुरकटला आणि तो काढून पुसताना त्याचे डोळे तिने पहिल्यांदा नीट पाहिले. राखाडी होते. ही गोष्ट तिने उगाचच दिवसभर लक्षात ठेवली.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी पावसाने दोघांना चर्चच्या ओसरीत अडकवलं. सरीमागून सरी येत होत्या, समोर लायलॅकची झुडपं भिजून खाली वाकली होती.

"हल्ली मी प्रबंध वाचतो ना," तो पावसाकडे बघत म्हणाला, "तेव्हा मला तुमचा आवाज ऐकू येतो. मी गुण कापायला लागलो, की तुम्ही म्हणता, 'अहो, पण त्या पोराने किती धडपड केलीय.'"

"मग तुम्ही काय करता?"

"पेन खाली ठेवतो." तो थांबला. "मिस बर्जरॉन, मी निरीक्षक आहे तोवर मला एक गोष्ट..."

"नका सांगू," ती पटकन म्हणाली. समितीचा आणखी एक नियम दोघांनाही पाठ होता: तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्यात कामापलीकडचं नातं नसावं. "तुम्ही निरीक्षक आहात. पाऊस थांबलाय, चला."

पाऊस थांबलेला नव्हता. तरीही दोघं त्यातून चालत गेली.

दुसऱ्या तपासणीचे प्रबंध आले. कोलेटने सगळे प्रबंध मनापासून वाचून पेन्सिलीने गुण टाकले. जुनिपरला नव्वद. मग ती तो कागद समोर ठेवून बसली. पुन्हा नऊचा फरक निघाला तर? बारा चेहरे तिच्या डोळ्यांसमोर आले. जुनिपरने तर पुढच्या वर्षाचं सगळं गणित या क्रेडिटवर बसवलं होतं. गिडियन काय देईल? तो इथे थांबेल, भुवई वर करेल, 'आधार कुठे आहे?' म्हणून विचारेल... तिला त्याची भुवईसुद्धा दिसत होती. तिने खोडरबर उचललं. एकेक आकडा पुसून त्याच्या जागी तिने शाईने खालचा आकडा लिहिला. नव्वद पुसून ब्याऐंशी लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण हे पोरांसाठीच आहे, असं तिने स्वतःला बजावलं आणि पाकीट चिकटवून टाकलं.

पाकिटं फोडायला दोघं वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसली. दुपारची वेळ, खिडकीबाहेर मुलं गवतावर लोळत होती. एकाने नाव वाचायचं, मग दोघांनी आपापला आकडा सांगायचा. पहिल्या नावाला कोलेट म्हणाली एकोणऐंशी, गिडियन म्हणाला अठ्ठ्याऐंशी. तिला वाटलं, तो चुकून दुसरीच ओळ वाचतोय. दुसऱ्या नावाला तेच झालं. तिसऱ्यालाही.

"जुनिपर वॉल्श," गिडियनने वाचलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"ब्याऐंशी."

"पंच्याण्णव."

बेरीज झाली, भागाकार झाला. फरक नऊ. तोच नऊ, फक्त पार उलटा.

"पंच्याण्णव?" कोलेट म्हणाली. "तुम्ही? तुम्ही स्वतःच्या आईच्या पत्राला पंच्याण्णव द्यायचे नाहीत."

"आणि तुम्ही ब्याऐंशी देणाऱ्या नाहीत." तो तिच्याकडे बघत राहिला. मग कोटाच्या आतल्या खिशातून त्याने घडी घातलेला एक चुरगळलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "हे माझे खरे गुण. आधीचे. मग मला वाटलं, तुम्ही देणार तेवढेच आपण द्यावेत. म्हणजे वर्ग वाचेल. म्हणजे तुम्ही..."

कोलेटने आपला कागद खिडकीच्या उजेडात धरला. शाईच्या आकड्यांखाली पुसलेल्या पेन्सिलीचे चरे उमटून दिसत होते. तो उठून तिच्यामागे येऊन उभा राहिला. दोघांची डोकी जवळ आली, आणि दोघं हळू आवाजात ते पुसलेले आकडे वाचू लागली. जुनिपरला तिचा नव्वद, त्याचा अठ्ठ्याऐंशी. तिचा शहाऐंशी, त्याचा त्र्याऐंशी. बाराही नावं झाली, तेव्हा खरा फरक निघाला अडीच.

कोलेटला आधी हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते तिने लपवलेही नाहीत. दोघांनी आपापलं अक्षर सोडून एकमेकांचं अक्षर गिरवलं होतं, आणि त्याची काही गरजच नव्हती.

"हे पहिले आकडे दिले तर..." गिडियन हळूच म्हणाला. "आपल्याशिवाय कुणाला कळणार नाही."

मोह तिलाही झाला, खोटं कशाला बोला. बारा मुलं, चार वर्षं, सगळं एका कागदाच्या अदलाबदलीवर आलं होतं. खाली गवतावर जुनिपर एकटीच पुस्तक वाचत पडली होती.

"मी त्या पोरीला ब्याऐंशी दिले," कोलेट म्हणाली. "ती नव्वदची आहे हे माहीत असताना, माझ्या हाताने. का दिले ते मला लिहून द्यायलाच हवं. वर्षभर मी त्यांना हेच शिकवलंय ना, की पुरावा बदलायचा नाही."

"लिहायचं तर कारणही लिहावं लागेल. माझंही."

"काय लिहाल?"

त्याने त्या चुरगळलेल्या कागदाच्या घड्या सरळ केल्या. "की मी या बाईंच्या कामाचा निःपक्ष निरीक्षक राहिलेलो नाही. कारण माझं त्यांच्यावर प्रेम आहे." त्याने वर पाहिलं. "तळटीप नाही. क्षमस्व."

कोलेटने एक कोरा कागद ओढून घेतला आणि लिहायला लागली. लिहिताना तिचा डावा हात टेबलावर त्याच्या हाताशेजारी होता, आणि पत्र संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

पत्र समितीकडे गेलं, त्यासोबत सगळे कागद, पुसलेले, चुरगळलेले आणि शाईचे. गिडियनने निरीक्षकपद सोडलं. निकाल लागेपर्यंत भेटायचं नाही, फोन करायचा नाही, असं दोघांनी ठरवलं आणि पाळलं. गुरुवारी बटाट्यांचं भांडं रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबलं, तेव्हा एका मुलाने ते घाईघाईने पुढे ढकललं. जुनिपरला कोलेटने आपणहून बोलावून सगळं सांगितलं, गुणांचं तेवढं. जुनिपर ऐकून घेऊन म्हणाली, "मग त्यांचे पंच्याण्णव कशासाठी होते?" मिस बर्जरॉन उठली आणि आधीच कोरा असलेला फळा पुसू लागली.

बारा दिवसांनी पत्र आलं, ते थेट डॉ. हेस्टर क्विंबींचं. समितीने त्यांना निवृत्तीतून उठवून बाराही प्रबंध तिसऱ्यांदा वाचायला लावले होते. बाईंचे गुण पेन्सिलीच्या आकड्यांच्या इतके जवळ होते, की जुनिपरला त्यांनी दिलेले एकोणनव्वद बघून कोलेटचा जीव भांड्यात पडला. मुलांना क्रेडिट मिळालं होतं. वर्ग चालू राहणार होता. शिक्षिकेला मात्र 'पुन्हा असं कराल तर' म्हणून एक कडक समज होती, आणि ती तिने मान खाली घालून वाचली. पत्राच्या तळाशी बाईंनी स्वतःच्या तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं: "पुढच्या वर्षापासून मी स्वतः येईन, मफिन ताजे असावेत. डॉ. पर्सेल यांना या वर्गाच्या निरीक्षणासाठी यापुढे पाठवू नये. अन्य कारणाने ते टेकडी चढत असतील, तर तो समितीचा विषय नाही."

जूनचा पहिला आठवडा. रस्ता खणखणीत वाळला होता, चाकांच्या जुन्या चाकोऱ्यांत धूळ साचली होती. कोलेट फाटकापाशी शिडीवर चढून मुलांच्या निरोपाच्या दिवसासाठी कागदी कंदील बांधत होती, तेव्हा खालच्या वळणावर तिला कुणीतरी दिसलं. उंच, कोट खांद्यावर टाकलेला, घामाने निथळणारा. पायांत रबरी बूट.

तो जवळ येईपर्यंत ती शिडीवरून उतरली नाही.

"रस्ता कोरडा आहे," ती म्हणाली. "गाडी कुठाय?"

"पुलापाशी ठेवली."

"एवढ्या उन्हात तीन मैल चालत आलास? कशाला?"

"पत्र नव्हतं," गिडियन म्हणाला. त्याला धाप लागली होती. "काही कामही नव्हतं. निरीक्षकही नाही आता मी. म्हटलं... तुला पुरावा द्यावा."

शिडीच्या शेवटच्या पायरीवर कोलेट थांबली. इथे दोघांचे डोळे एका उंचीवर आले होते. त्याच्या चष्म्यावर धुळीचा थर होता. तिने तो काढून आपल्या ओढणीवजा स्कार्फने पुसला, सावकाश, दोन्ही काचा, आणि त्याच्या नाकावर पुन्हा नीट बसवला.

"एवढ्याने प्रेम सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "टपालवाला सहा आठवडे आला होता. रविवार सोडून रोज."

गिडियनने शिडी धरून ठेवली होती. ती त्याने सोडली नाही.

"मग उद्या," त्याने विचारलं, "किती वाजता येऊ?"